टीव्ही आणि अँप्लिफायरच्या मधलं खोकं: एका स्वस्त डॅकची घरच्या घरी दुरुस्ती

नव्या टीव्हीला मागे आरसीएची लाल-पांढरी भोकं असतीलच असं नाही, ऑप्टिकल मात्र बहुतेकांना असतं. जुना स्टिरिओ अँप्लिफायर याच्या नेमका उलट. मग दोघांच्या मध्ये काडेपेटीहून जरा मोठं एक खोकं बसतं. टीव्हीचा डिजिटल आवाज जुन्या अँप्लिफायरला कळेल अशा अॅनालॉग रूपात बदलणं हे त्याचं काम. दुकानदार त्याला ऑप्टिकल कन्व्हर्टर म्हणतो, ऑडिओवाले डॅक म्हणतात. किंमत पाचशे ते हजार रुपये, त्यामुळे बिघडलं की लोक सरळ नवं मागवतात. नवं लावूनही पुष्कळदा जुनीच तक्रार राहते, कारण दोष खोक्याबाहेर असतो, किंवा एकाऐवजी तीन ठिकाणी असतो.

हे प्रकरण दुसऱ्या प्रकारातलं. त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही, दीड मीटर ऑप्टिकल केबल, पाच व्होल्टच्या अॅडॅप्टरवर चालणारं बिननावाचं डॅक, तिथून आरसीए केबलने जुना दोन चॅनेलचा अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. खोकं चार वर्षं रोज चाललेलं. घरच्यांची तक्रार एका दमात सांगितलेली: "आवाज बिघडलाय. घरघरतो, मधेच जातो, आणि एका बाजूने बारीक येतो."

आधी तक्रार सोडवून घ्यायची

"मधेच जातो" या दोन शब्दांनी दिशाभूल होते. खोदून विचारल्यावर कळलं की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही अॅपवर ठराविक सिनेमे लावले की पहिल्यापासून आवाजच नसतो, शेवटपर्यंत येत नाही. दुसरं म्हणजे कुठलंही चॅनेल असो, टीव्ही अर्धा-पाऊण तास चालला की आवाज क्षणभर तुटतो, परत येतो, पुन्हा तुटतो. घरघरीचं उलट. ती टीव्ही लावल्या लावल्या जोरात असते आणि दहाएक मिनिटांत बरीच कमी होते. बारीक आवाजाची बाजू उजवी, ती कायमच बारीक.

या उत्तरांमध्येच अर्धं निदान आहे. थंड असताना त्रास आणि गरम झाल्यावर आराम, हे लक्षण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून पुरवठा सपाट ठेवणारा डबीसारखा भाग, वाळल्याचं. त्यातला द्रव आटला की आतला रोध वाढतो, पण तापमान चढलं की तो रोध उतरतो आणि कपॅसिटर तात्पुरता सुधारतो. थंड असताना ठीक आणि तापल्यावर त्रास, हे लक्षण तडकलेल्या सोल्डरचं किंवा एखाद्या चिपचं. धातू फुगतो, भेग उघडते, संपर्क तुटतो. म्हणजे घरघर आणि तुटणं यांचं कारण एक असण्याची शक्यता इथेच संपली. एका चॅनेलचा बारीक आवाज तापमानाशी बांधलेला नाही, म्हणून तो तिसरा. आणि ठराविक सिनेम्यांवरची शांतता तर खोक्याच्या तब्येतीशी संबंधितच नाही.

ती आधी निकालात काढू. स्वस्त डॅकला फक्त पीसीएम कळतं, म्हणजे दोन चॅनेलचा साधा, न दाबलेला डिजिटल आवाज. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू'वर असेल, तर डॉल्बीचा आवाज असलेला सिनेमा लागताच टीव्ही ती दाबलेली माहिती जशीच्या तशी ऑप्टिकलवर पाठवतो. डेटाबरोबर 'हा ऑडिओ नाही' अशी खूण जाते. शहाणं खोकं ती खूण वाचून गप्प बसतं, अडाणी खोकं तो डेटाच आवाज समजून कर्कश फुसफुस काढतं. उपाय एकच, मेनूत जाऊन पीसीएम निवडणं. सॉफ्टवेअर अपडेट किंवा फॅक्टरी रीसेटनंतर ही सेटिंग परत 'ऑटो'वर जाऊ शकते, म्हणून 'काल तर चालत होतं' या वाक्यावर विसंबू नये. इथे सेटिंग 'ऑटो'च निघाली. बदलल्यावर त्या सिनेम्यांचा आवाज आला. चारातली एक तक्रार स्क्रूड्रायव्हर न उचलता गेली.

अजूनही खोकं उघडायचं नाही

उजव्या बाजूसाठी आरसीए केबलच्या खोक्याकडच्या दोन्ही पिना आपसात बदलायच्या. बारीक आवाज डाव्या स्पीकरला गेला तर दोष त्या बिंदूच्या मागे, म्हणजे खोक्यात. उजवीकडेच राहिला तर केबल, अँप्लिफायर किंवा स्पीकर. बदल कुठल्या टोकाला केला हे लक्षात ठेवायचं. अँप्लिफायरकडच्या टोकाला अदलाबदल केली तर केबल संशयितांच्या यादीत राहतेच. इथे बारीक आवाज डावीकडे सरकला. दोष खोक्यात.

घरघरीसाठी सोपी आणि बिनखर्चाची परीक्षा म्हणजे खोकं पॉवर बँकेवर चालवणं. बॅटरीचा पुरवठा घरच्या वायरिंगशी जोडलेला नसतो आणि त्यात विजेच्या लाइनीची गुणगुण नसते. एक अडचण येते: असं खोकं जेमतेम ८० मिलीअँपिअर खातं, आणि इतका कमी करंट बघून बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं की काही लावलेलंच नाही. मग त्या थोड्या वेळात आपोआप बंद होतात. दुसऱ्या पोर्टला फोन चार्जिंगला लावला की त्या जाग्या राहतात. पॉवर बँकेवर घरघर थंड खोक्यातही पूर्ण गेली. उजवा चॅनेल मात्र तसाच बारीक, आणि चाळीसेक मिनिटांनी आवाज तुटणंही तसंच. निदानाच्या दृष्टीने हा निकाल उत्तम आहे, कारण तीन दोष एकमेकांपासून सुटे झाले.

आता मीटर. घरोघरी मिळणारा डीटी-८३० जातीचा स्वस्त मल्टिमीटर डीसी मोजायला पुरेसा आहे, पण त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची. पुरवठ्यावरची शे-दीडशे मिलीव्होल्टची लहर त्यावर दिसणारच नाही. तिच्यासाठी मिलीव्होल्ट एसी दाखवणारा जरा बरा मीटर लागतो. तो नसेल तर पॉवर बँकेची परीक्षा हाच निर्णय मानायला हरकत नाही.

अॅडॅप्टर मोकळा मोजला तर ५.०८ व्होल्ट. यावरून 'अॅडॅप्टर चांगला आहे' म्हणून सोडून देणं ही नेहमीची चूक. लोड असतानाच मोजायचं, आणि तेही खोक्याच्या आत, डीसी सॉकेटच्या मागच्या पिनांवर. खोकं जोडून थंड असताना ४.४६ व्होल्ट आणि त्यावर १८० मिलीव्होल्ट एसी. दहा मिनिटांनी ४.६८ आणि ९० मिलीव्होल्ट. तीच जोडणी पॉवर बँकेवर ५.०५ व्होल्ट, आणि लहर १० मिलीव्होल्टच्याही खाली.

४.४६ हा आकडा दिसायला फार वाईट नाही. तो घातक का ठरतो, ते आतल्या रेग्युलेटरमुळे, म्हणजे चिपला ठरलेलं स्थिर व्होल्टेज देणाऱ्या भागामुळे. या खोक्यांत बहुधा एएमएस १११७-३.३ असतो. त्याला ३.३ व्होल्ट द्यायला स्वतःच्या इनपुटवर त्याहून साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतो, म्हणजे ४.४ च्या आसपास. मीटर सरासरी दाखवतो. १८० मिलीव्होल्टची लहर सरासरीच्या खाली-वर जाते, तेव्हा तिचे तळ ४.२ पर्यंत उतरतात. दर तळाला रेग्युलेटरचा तोल सुटतो, ३.३ व्होल्टच्या लाइनीत खळगा पडतो, आणि चिपचा आवाज त्याच लाइनीवर उभा असल्यामुळे तो खळगा स्पीकरमधून ऐकू येतो. फोनवर फुकट मिळणारं स्पेक्ट्रम अॅप स्पीकरजवळ धरलं तर १०० हर्ट्झला टोक दिसलं. आपली वीज ५० हर्ट्झची. एसीची डीसी करणारा रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, म्हणून पुरवठ्यातली घाण १०० वर येते. हा आकडा लक्षात ठेवा, खाली पुन्हा लागेल.

अॅडॅप्टर उघडायचा नाही. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी चढते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ टिकू शकते. शिवाय अॅडॅप्टरचं प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं, फोडल्यावर पूर्वीसारखं सुरक्षित बंद होत नाही. तो बदलायचा. चांगल्या मोबाइलचा जुना पाच व्होल्ट एक अँपिअरचा चार्जर आणि यूएसबीपासून डीसी पिनेची केबल, एवढं भागतं.

इथे एक सावधगिरी. सेट-टॉप बॉक्स आणि राउटरचे बारा व्होल्टचे अॅडॅप्टर बऱ्याचदा त्याच ५.५ मिलीमीटरच्या गोल पिनेचे असतात. घाईत तो खुपसला तर रेग्युलेटर कदाचित वाचतो, त्याला १५ व्होल्टपर्यंत चालतं. पण पाच व्होल्टच्या लाइनीवर थेट बसलेला ऑप्टिकल रिसीव्हर आणि दहा व्होल्टचे कपॅसिटर वाचत नाहीत. अॅडॅप्टरच्या पिनेजवळ कागदी टेप गुंडाळून '५' लिहून ठेवलं की हा प्रसंग टळतो.

आत

पॉवर काढून खोकं उलटं केलं की खाली रबरी पाय. स्क्रू त्यांच्याच खाली लपलेले असतात. प्लॅस्टिकचं खोकं खटक्यांवर बसलेलं असेल तर जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवत कडेने फिरवायचं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर कडा कायमची चेपते.

बोर्ड जेमतेम पाच सेंटिमीटरचा. डीसी सॉकेटला लागून ४७० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा उभा कपॅसिटर. त्याचं डोकं सपाट नव्हतं, वरच्या क्रॉस खाचा किंचित उचललेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात तपकिरी सुकलेला थेंब. अॅडॅप्टरची लहर वर्षभर पचवून तो थकला असणार. त्याच्या पुढे रेग्युलेटर, मग ऑप्टिकलचा डेटा वाचणारी रिसीव्हर चिप, आणि आरसीएच्या जवळ दहा पायांची इवलीशी डॅक चिप, सीएस ४३४४.

चिप शाबूत आहे की मेली, हे ठरवायला ऑसिलोस्कोप लागत नाही. ही चिप एकाच पुरवठ्यावर चालते. तिच्या आउटपुटला खाली शून्यापर्यंत आणि वर पुरवठ्यापर्यंत हलायला सारखी जागा हवी, म्हणून शांत असताना ते आउटपुट पुरवठ्याच्या अर्ध्या व्होल्टेजवर उभं राहतं. ९ नंबरच्या पायावर पुरवठा, ७ वर डावा, १० वर उजवा, ५ वर अर्ध्या व्होल्टेजचा संदर्भ, ८ ग्राउंड. मीटर डीसीवर, काळी टोकणी आरसीएच्या बाहेरच्या कड्याला. टोकणीचं अणकुचीदार टोक दोन पायांना एकदम लागू नये म्हणून तिला बारीक शिवणाची सुई बांधायची, किंवा पायावर न टेकता त्याच लाइनीवरच्या पुढच्या रेझिस्टरवर मोजायचं. वाचन असं आलं: पुरवठा ३.३०, संदर्भ १.६५, डावा १.६५, उजवा १.६४. दोन्ही आउटपुट सारखी, म्हणजे चिप ठीक. उजवीकडे शून्य किंवा पूर्ण ३.३ दिसलं असतं तर खेळ तिथेच थांबवावा लागला असता. अर्ध्या मिलीमीटरच्या अंतरावरचे पाय घरच्या पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने बदलणं शक्य आहे, पण पाचशेच्या खोक्यासाठी त्यात अर्थ नाही.

रेग्युलेटरला बोट लावून बघायचं. पाचातून ३.३ गेले की उरले १.७ व्होल्ट, गुणिले ८० मिलीअँपिअर, म्हणजे एक दशांश वॅटच्या जरा वर. इतक्यात तो फार तर कोमट होतो. चटका बसत असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा एखादा सिरॅमिक कपॅसिटर. आणि रेग्युलेटर बदलून काही होणार नाही, नवाही तापेल. इथे तो कोमटच होता.

उजवा चॅनेल: बारीक म्हणजे नेमकं काय

अर्ध्या व्होल्टेजची ही डीसी अँप्लिफायरकडे जाऊ नये म्हणून प्रत्येक चॅनेलच्या वाटेत एक कपॅसिटर असतो. या बोर्डावर १० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन, त्यांच्या पुढे ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर. कपॅसिटर आणि रेझिस्टर मिळून खालचे सूर गाळणारी चाळणी तयार होते. १० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहमला ती चाळणी १.६ हर्ट्झच्या खालचं गाळते, जे कानाच्या बाहेरचं आहे. पण कपॅसिटर वाळून समजा ०.०५ मायक्रोफॅरड उरला, तर चाळणी ३१८ हर्ट्झवर येऊन बसते. तबल्याचा बायाँ जातो, पुरुषी आवाजातला भरीवपणा जातो, आणि उरतो तो टेलिफोनसारखा पातळ आवाज. घरच्यांनी म्हटलेलं 'बारीक' हे कमी आवाजाचं नव्हतं, खर्ज गेल्याचं होतं. व्हॉल्यूम आणि बॅलन्स फिरवून ते झाकलं जात नाही, आणि कानावर भरवसा नसेल तर मोजता येतं.

पेनड्राइव्हवर पूर्ण पातळीचे १०० आणि ४०० हर्ट्झचे सूर घालून टीव्हीवर लावले. स्पीकरची तार आधी काढायची, नाहीतर घर दणाणतं. टीव्हीचा ऑप्टिकल आवाज रिमोटने कमी-जास्त होत असेल तर तोही पूर्ण वर. आरसीएच्या पिनेवर एसी मोजलं. डावीकडे दोन्ही सुरांना ०.७४ व्होल्ट. उजवीकडे ४०० ला ०.५८, पण १०० ला ०.२२. सूर खाली गेला की व्होल्टेज पडतं, म्हणजे दोष कपॅसिटरमध्येच. सोल्डर सुटलं असतं किंवा सिग्नलच्या वाटेतला रेझिस्टर वाढला असता तर दोन्ही सुरांना सारखीच घट दिसली असती. जाता जाता: ०.७४ हा डाव्याचा आकडा बरोबर आहे. ३.३ व्होल्टवर ही चिप साधारण इतकंच देते. सीडी प्लेअरच्या दोन व्होल्टच्या मानाने हे बरंच कमी, म्हणून अशा खोक्याचा आवाज सीडीपेक्षा हळू वाटतो. तो बिघाड नव्हे.

बदलताना दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलायचे. डावा आज ठीक असला तरी वय तेवढंच. १० मायक्रोफॅरड, १६ किंवा २५ व्होल्ट, १०५ अंश तापमान सोसणारे. धन पाय चिपच्या बाजूला, कारण १.६५ व्होल्ट तिकडे आहे. पुरवठ्याचा ४७० मायक्रोफॅरडचाही त्याच वेळी, पण १० ऐवजी १६ व्होल्टचा, जागा पुरत असेल तर. तिन्ही मिळून वीसेक रुपयांचा माल. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, इतरत्र टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या सुट्या भागांचं कुठलंही दुकान.

जुने चपटे कपॅसिटर काढणं हा या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक भाग. बोर्डावरचं मूळ सोल्डर शिसं नसलेलं असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. आपलं ६०-४० वालं, कथील-शिशाचं, १९० च्या आत. म्हणून आधी दोन्ही पायांवर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) आणि आपलं सोल्डर भरपूर चढवायचं. दोन्ही मिसळली की वितळण्याचा अंश उतरतो. मग एकदा या पायाला, एकदा त्या पायाला उष्णता देत कपॅसिटर चिमट्याने बाजूला ढकलायचा. वर ओढायचा नाही, पिळायचा तर मुळीच नाही. स्वस्त बोर्डाचा तांब्याचा चकता गोंदाच्या भरवशावर असतो, ओढला की सालपटासारखा निघून येतो. निघालाच तर घाबरू नये: बहुतंतू तारेतला एक तंतू कपॅसिटरच्या पायापासून त्याच लाइनीवरच्या पुढच्या रेझिस्टरपर्यंत सोल्डर केला की काम तेच होतं. चपटा कपॅसिटर दुकानात नसेल तर साधा उभा घेऊन पाय वाकवून आडवा निजवायचा आणि पोटाखाली गरम गोंदाचा एक थेंब द्यायचा.

बदलल्यावर उजवीकडे १०० हर्ट्झला ०.७४.

तुटणारा आवाज

ऑप्टिकल केबलवर संशय घेणं साहजिक आहे, आणि ती तपासणं सोपंही. टीव्ही चालू ठेवून केबलचं खोक्याकडचं टोक काढलं की त्यात लाल उजेड दिसतो. टोकाचं पारदर्शक टोपण काढायचं राहून गेलंय का हेही बघावं. ते तसंच दाबून बसवलेली जोडणी कधी चालते, कधी नाही. इथे उजेड भक्कम होता, आणि आवाज तुटत असतानाही तसाच होता. मग खोक्यातलं ऑप्टिकल सॉकेट. ते तीन पायांचं असतं: बहुतेकांत एका टोकाला सिग्नल, मध्ये ग्राउंड, दुसऱ्या टोकाला पुरवठा.

४८ किलोहर्ट्झच्या आवाजाला या सॉकेटमधून सेकंदाला ३० लाख ७२ हजार बिट जातात. रिसीव्हर चिप त्या प्रवाहाशी आपलं घड्याळ जुळवून चालते. संपर्क निमिषभर सुटला तरी घड्याळाची जुळणी मोडते, चिप आवाज बंद करते आणि पुन्हा जुळवायला वेळ घेते. म्हणून सूक्ष्म भेगेचा आवाज खरखर म्हणून येत नाही, पूर्ण शांततेचा तुकडा म्हणून येतो. अॅनालॉग जोडणीतली भेग कडकडते, डिजिटल जोडणीतली भेग गप्प होते.

हेअर ड्रायर मंद उष्णतेवर ठेवून सॉकेटच्या मागे अर्धा मिनिट धरला, आणि चाळीस मिनिटांनी होणारं तुटणं लगेच सुरू झालं. बोर्ड उलटा करून भिंगातून पाहिलं तर मधल्या, ग्राउंडच्या पिनेभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल रेघ. बाकीच्या दोन पिनांचं सोल्डर चकचकीत. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. ग्राउंडचीच पिन का? तिला लागून तांब्याचा मोठा पत्रा असतो, तो उष्णता शोषून घेतो, म्हणून कारखान्यात त्या जागी सोल्डर नीट चढत नाही. त्यात या सॉकेटचे प्लॅस्टिकचे खुंटे बोर्डात नुसते अडकवलेले. केबल काढता-घालताना सगळा ताण तीन पिनांवर येतो, आणि सर्वांत कच्ची पिन आधी सुटते.

नुसतं वरून सोल्डर फासलं तर भेग झाकली जाते, महिन्याभरात परत येते. जुनं सोल्डर सक्शन पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने पूर्ण काढायचं, पिन आणि चकता आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, फ्लक्स लावून नवं चढवायचं. मधल्या पिनेला उष्णता जास्त लागते, पण तीन सेकंदांच्या वर आयर्न टेकवायचं नाही. सॉकेटचं प्लॅस्टिक मऊ पडून आतलं भिंग हललं तर सॉकेटच गेलं. जमलं नाही तर दहा सेकंद थंड होऊ द्यायचं आणि पुन्हा. तिन्ही पिना झाल्यावर सॉकेटचा मागचा कोपरा गरम गोंदाने बोर्डाला धरून ठेवायचा, म्हणजे ताण पिनांवर येत नाही. ड्रायरखाली पुन्हा तपासलं, केबल हलवून पाहिली, आवाज अखंड. शिश्याचं सोल्डर हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि खिडकी उघडी हवी.

दुरुस्तीनंतर आलेली गुणगुण

खोकं बंद करून जागेवर लावलं. नवा चार्जर हाताशी नव्हता आणि टीव्हीला यूएसबी पोर्ट रिकामं होतं, तेव्हा तात्पुरता पुरवठा तिथून घेतला. करंट भरपूर, टीव्ही बंद केला की खोकंही बंद, सोय उत्तम. आणि लगेच मंद, सलग गुणगुण सुरू. पहिल्या घरघरीसारखी ती दहा मिनिटांत कमी होत नव्हती, आणि आवाज बंद केला तरी चालूच. स्पेक्ट्रम अॅपवर टोक या वेळी १०० ला नाही, ५० ला.

हा ग्राउंड लूप. छतावरच्या डिशची किंवा केबलवाल्याची कोअॅक्सिअल तार, तिचं बाहेरचं जाळं सेट-टॉप बॉक्सला, तिथून एचडीएमआयने टीव्हीला. अँप्लिफायर तीन पिनांच्या प्लगने घराच्या अर्थिंगला. ही दोन टोकं वेगवेगळ्या जागी जमिनीला भिडतात आणि त्यांच्यात थोडासा ५० हर्ट्झचा दाब असतोच. ऑप्टिकल केबलचा मोठा फायदा हाच की ती प्लॅस्टिकची आहे, तिच्यातून वीज जात नाही, टीव्ही आणि अँप्लिफायर विजेच्या दृष्टीने सुटे राहतात. यूएसबीची काळी तार टीव्हीचं ग्राउंड थेट डॅकला आणि आरसीएच्या कड्यातून अँप्लिफायरला जोडते. ऑप्टिकलने तोडलेलं नातं मागच्या दाराने परत जुळलं. खात्री करायला डिशची तार सेट-टॉप बॉक्समधून काढली: गुणगुण गेली. परत लावली: आली.

उपाय म्हणून अँप्लिफायरची अर्थ पिन काढायचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो मानायचा नाही. अँप्लिफायरमध्ये इन्सुलेशन फुटलं तर त्याच्या पत्र्याच्या खोक्यात वीज उतरू शकते, आणि तेव्हा वाचवणारी तीच एक तार असते. योग्य उपाय म्हणजे डॅकला स्वतःचा, दोन पिनांचा वेगळा पाच व्होल्टचा चार्जर देणं. दुसऱ्या दिवशी तो लावल्यावर ५० चं टोक गेलं, १०० चंही दिसलं नाही. खोक्याच्या आत डीसी सॉकेटवर ५.०२ व्होल्ट, रेग्युलेटरच्या पुढे ३.३०. ऑप्टिकलऐवजी कोअॅक्सिअल डिजिटल जोडणी वापरली असती तर हाच लूप वेगळ्या चार्जरनेही तुटला नसता, कारण त्या केबलच्या जाळ्यातून ग्राउंड सरळ जातं. म्हणून दोन्ही सोयी असतील तेव्हा डिश किंवा केबल लावलेल्या टीव्हीला ऑप्टिकलच जोडायचं.